पै-पाहुण्यांना काय सांगायचं?

मॅडम, नमस्कार.

गावाचं नाव छापू नका, बेळगावच्या जवळचंच आहे. घरची भाताची शेती, आम्ही मराठा. मोठा मुलगा उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, वय २९. धाकटी मुलगी २३ वर्षांची, तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. मुलाचं एका नर्सवर मन बसलंय. मुलगी हल्याळ तालुक्यातली सिद्दी, ख्रिस्ती. वडील भात करतात, कधी रानातल्या कामाला जातात. ती आमच्याशी मराठीत बोलते, घरी त्यांची कोकणी, ड्यूटीवर कन्नड. मी तिला भेटले आहे. मुलगी चांगली आहे, मला आवडली. पण तिचा रंग आणि केस बघून रस्त्यावर माणसं वळून बघतात, आफ्रिकेची काय म्हणून विचारतात.

आमच्या गावात लिंगायत, जैन, मुसलमान सगळे आहेत, कधी कुणाशी वाकडं आलं नाही. घरात जातपात कधी पाळली नाही. तरी हे मला पेलत नाही. मालक सीमा चळवळीतले, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत आजही जातात, शिवजयंतीला पुढं असतात. ते या विषयावर गप्पच आहेत. एकदाच म्हणाले, 'जंजिऱ्याचा सिद्दी घरात आणायचा काय?' सासूबाई म्हणतात रक्त वेगळं, नातवंडं कशी होतील. जाऊबाई विचारतात, धाकटीला कोण करून घेणार. मुलगा म्हणतो, तुम्ही हो म्हणा, नाहीतर आम्ही रजिस्टर करतो.

तिच्या आईनं माझ्यासाठी हातानं शिवलेली वाकळ पाठवली. मी ती कपाटात ठेवून दिली, कुणाला दाखवली नाही. तेव्हापासून झोप नीट नाही. मालकांना कसं समजवू आणि पै-पाहुण्यांना काय सांगू?

– एक आई

ताई,

आधी ती वाकळ कपाटातून काढा आणि पलंगावर घाला. बाकीचं सावकाश बोलू.

सिद्दी बायका तिला कवंद म्हणतात. जुनी लुगडी, लुंग्या, पोरांचे शाळेचे शर्ट, घरात जे असेल त्याचे तुकडे घेऊन त्या कडेपासून शिवायला लागतात आणि टाके घालत घालत मध्यापर्यंत येतात. कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली त्रिकोणी फुलं लावतात. ती लागल्याशिवाय वाकळ पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तुमच्याकडची उलगडून कोपरे बघा. घरचं आणि शेतावरचं काम सांभाळून अशी एक वाकळ शिवायची म्हणजे कित्येक दुपारी जातात. त्या बाईंनी तुम्हाला अजून पाहिलेलंही नाही. लेकीचा फोन आला की त्या विचारत असणार, 'आवडली काय त्यांना?' आणि त्या पोरीला काय सांगावं ते कळत नसणार. तुमची झोप मला वाटतं इथंच उडाली आहे. कुणीतरी मायेनं दिलेली वस्तू आपण लपवली, हे तुमच्या मनाला लागलंय, आणि लागलंय ते बरंच आहे.

मालक विचारतील, ही कुठली? तेव्हा सांगा, हल्याळहून विहीणबाईंनी पाठवली. भांडण होईल असं वाटत असेल तर होऊ दे. आज घरात जी मुकाट शांतता आहे, तिच्यापेक्षा ते परवडलं.

आता तुम्ही लिहिलंय की घरात जातपात कधी पाळली नाही. माझा यावर विश्वास आहे. आपल्या भागात पोर तीन-तीन भाषांत वाढतं. दूधवाल्याशी कानडी, बाजारात मराठी, पुढच्या गल्लीत दखनी हिंदी. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून माणसं येतात आणि त्याच डोंगरावर कानडी माणसांच्या गर्दीत 'उदो' म्हणतात. बेळगावच्या एकाच किल्ल्यात जैनांची कमलबस्ती आहे आणि मशीदही आहे. हे सगळं खरं आहे, चांगलं आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण हा शेजार झाला. शेजाऱ्याच्या लग्नात आपण जेवतो, तो आपल्या गणपतीला येतो आणि रात्री ज्याचा तो आपल्या घरी जातो. आपल्या सीमाभागानं रोटीव्यवहार बऱ्यापैकी अंगवळणी पाडला, बेटीव्यवहाराची पाळी आली की आजही प्रत्येक घर आपापलं दार लावून घेतं. म्हणून लिंगायत शेजारणीशी जन्मभर गोडीनं राहिलेल्या बाईलाही सून सिद्दी म्हटल्यावर धस्स होतं. तुम्ही आजवर खोटं वागलात असा याचा अर्थ मी काढत नाही. तुमच्यावर ही वेळ आली नव्हती, आता आली आहे, एवढंच.

सिद्दी कोण, हे तुमच्या घरात कुणाला नीट माहीत नसावं. आपल्याला शाळेत जंजिरा तेवढा शिकवला. या मुलीचे पूर्वज जंजिऱ्याचे सरदार नव्हते. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून, गलबतांत कोंबून गोव्यात आणली, विकली. त्यातले कित्येक जीव घेऊन पळाले आणि घाट चढून आपल्या या रानात शिरले. हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड, जोयडा, इकडे आपलं खानापूर, तिकडे धारवाडचं कलघटगी. पुढं पिढ्यान्‌पिढ्या ते जमीनदारांच्या शेतात राबले. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती झाले, पण पूर्वजांची पूजा तिन्ही धर्मांतल्या घरांत होते. तिला ते हिरियारू म्हणतात. सासूबाईंना हे सांगा. पितरांना पान वाढणाऱ्या बाईला ही गोष्ट लगेच समजेल.

आणि ही माणसं काही आपल्या इतिहासाच्या बाहेर राहिली नाहीत. कित्तूरच्या राणी चेन्नम्माच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली आपल्या खानापूर तालुक्यात, नंदगडला, फाशी दिलं. त्याच्या जिवाभावाच्या साथीदारांत गजवीर नावाचा सिद्दी होता, असं इकडची माणसं सांगतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. त्याच २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. सिद्दी समाजातून आमदार झालेले ते पहिलेच.

मालकांच्या जंजिऱ्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचं तर त्यांच्याच आवडत्या इतिहासातून द्या. १६२४ साली भातवडीला निजामशाहीची मोठी लढाई झाली. सेनापती होता मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, जो पुढं अख्ख्या निजामशाहीचा कारभारी झाला. त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी त्या रणात पडले. पुढं १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, हे मालकांना पाठच असेल. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जी फौज आली, तिच्यात सिद्दी हिलाल होता, महाराजांचा माणूस. एकाच वेढ्यात दोन्ही बाजूंना सिद्दी. महाराजांनी हिलालला त्याच्या रंगावरून जौहरच्या पंगतीला बसवलं नाही. मालक शिवजयंतीला पुढं असतात, त्यांनी यावर विचार करावा.

पण खरं सांगू का, इतिहासानं माणूस वादात गप्प बसतो, मनातून हलत नाही. मला त्यांच्याशी दुसऱ्याच गोष्टीवर बोलावंसं वाटतं. १९५६ साली राज्यांची रचना झाली तेव्हापासून आपली माणसं एक गोष्ट सांगत आली आहेत, की आम्ही इथलेच, आमची जमीन इथली, आमचे वाडवडील इथं जळले, आम्हाला उपरे म्हणू नका. ऑफिसात कानडी कागद हातात पडला आणि पलीकडच्या माणसानं 'कन्नड बरल्वा?', म्हणजे कन्नड येत नाही का, म्हणून तिरकं बघितलं की काय होतं, ते मालकांनी सोसलंय. ती मुलगी हे जन्मल्यापासून सोसते आहे. बसमध्ये तिला हिंदीत विचारतात, कुठल्या देशाची? तिनं कन्नडमध्ये उत्तर दिलं की लोक हसतात, मराठीत दिलं की आ वासतात. तिच्या घराण्यानं या मातीत काढलेल्या शेकडो वर्षांचा पुरावा तिला रोज तोंडानं द्यावा लागतो. ज्या माणसानं 'तुम्ही इथले नव्हे' हे वाक्य आयुष्यभर ऐकलं आणि त्याविरुद्ध काळी फीत लावून रस्त्यावर उतरला, त्यानं तेच वाक्य आपल्या उंबऱ्यावर उभं राहून त्या पोरीला ऐकवावं? हा प्रश्न तुम्ही त्यांना शांतपणे विचारा. एकट्यात विचारा, पोरांसमोर नको. आणि लगेच उत्तर मागू नका.

सासूबाईंच्या रक्ताबद्दल. सिद्दी समाजाच्या जनुकांचा अभ्यास झाला आहे. त्यात आफ्रिकेचा वाटा मोठा आहे, पण इथल्या माणसांचाही आहे, थोडा युरोपचाही. म्हणजे मिसळण तर कधीच झाली. आणि आपली? भारतातल्या कित्येक समाजांच्या जनुकांचा जो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की प्राचीन उत्तर भारतीय आणि प्राचीन दक्षिण भारतीय असे दोन समूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्रास एकमेकांत मिसळले. जातीतच लग्न करायची रीत घट्ट झाली ती त्यानंतर. आपण ज्याला आपलं शुद्ध रक्त म्हणतो, ते मिसळून झाल्यावर दार लावलेलं रक्त आहे. सासूबाईंना जनुकं कशाला सांगायची म्हणाल, पण तुम्हाला माहीत असू दे. रक्ताचीच काळजी असेल तर लग्नाआधी दोघांची सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. ती कुठल्याही जोडप्यानं करावी, दोघंही शहाण्णव कुळी असले तरी. मुलगी नर्स आहे, तिला हे सांगायला लागणार नाही.

नातवंडं कशी होतील? काळी होतील, सावळी होतील, एखादं बापावर जाईल. केस कुरळे होतील. कातडीचा रंग पुष्कळ जनुकं मिळून ठरवतात, म्हणून एकाच आईबापाची दोन पोरं दोन रंगांची निघतात, असं तुमच्या भावकीतही असेलच. कडक उन्हाच्या मुलखात हजारो वर्षं राहिलेल्या माणसांच्या अंगात उन्हापासून वाचवणारं मेलॅनिन जास्त असतं. रंगाचा अर्थ इथंच संपतो. बाकी सगळं आपण त्याला चिकटवलं, आणि ते मराठा घरातल्या सावळ्या मुलींनीही भोगलंय. बारशाला आलेली बाई आधी बाळाचा रंग बघते, डोळे मागनं बघते. तुमच्या लग्नात तुमच्या रंगावर कुणी बोललं होतं का, आठवून बघा.

पोरांना शाळेत चिडवतील काय? चिडवतील. मी खोटा दिलासा देणार नाही. पण चिडवलेलं पोर घरी येऊन आजीच्या मांडीवर बसतं तेव्हा आजी काय बोलते, यावर त्याचं पुष्कळ ठरतं. ती आजी तुम्ही असणार आहात.

आता मालकांना समजवायचं कसं. बोलून फार होणार नाही. एकत्र राहिल्यानं मनातली अढी जाते का, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच सांगितलं होतं की नुसता सहवास पुरत नाही. दोघांची पायरी बरोबरीची हवी, दोघांना मिळून एखादं काम करायला हवं आणि घरातल्या, गावातल्या वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. अलीकडे उत्तर प्रदेशात एका अर्थशास्त्रज्ञानं गावातल्या हजाराहून जास्त तरुण पोरांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. काही संघांत वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र घातली. एका संघातून खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. वेगळ्या जातीचा संघ समोर ठेवून त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांच्या बाबतीत उलटं दिसलं. मैदान तेच, चेंडू तोच.

तुमच्या घरी याचा अर्थ असा. तिला चहाला बोलावून, सगळ्यांना ओळीनं बसवून, तिचं बघणं करू नका. त्या बैठकीत ती एका बाजूला आणि तुमचं सगळं घर दुसऱ्या बाजूला असतं. मुलाच्या डोक्यात कदाचित असं असेल की बाबांची शुगर तपासायच्या निमित्तानं तिला आणू, नर्स आहे म्हटल्यावर बाबा विरघळतील. तेही नको. तसं झालं तर ती घरात सेवा करायला आलेली बाई म्हणून शिरेल, आणि एकदा त्या पायरीनं शिरलेल्या माणसाला वरच्या पायरीवर यायला फार वर्षं लागतात.

त्यापेक्षा तुम्ही त्यांच्याकडे जा. भाताची सुगी आटपली की जा, म्हणजे तिच्या वडिलांनाही सवड असेल. त्यांचं भात आणि तुमचं भात, दोन शेतकरी बांधावर उभे राहिले की बियाणं, रानडुकरं, पावसानं दिलेला दगा आणि भाताचा भाव, यावर तासभर बोलणं होतं. तिथं मालकांना काही पटवायला लागणार नाही. ते यायला नाही म्हणाले तर पहिल्यांदा तुम्ही धाकटीला घेऊन जा. बाजारातून कुंद्याचा पुडा घ्या, रिकाम्या हातानं जाऊ नका. तिथं जेवा. घरून डबा नेऊ नका, 'आज उपास आहे' म्हणू नका. पाणी देतील ते प्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पाण्याच्या तांब्याकडे समोरचा कसा बघतो, हे अशा घरांना पिढ्यांच्या अनुभवानं कळतं. आणि एक, त्यांना डम्माम, म्हणजे त्यांचा ढोल, वाजवून नाचून दाखवा असं चुकूनही कुणी म्हणू नका. दांडेलीकडच्या रिसॉर्टमध्ये पैसे देऊन ते बघायला मिळतं. तुम्ही सोयरीक करायला चाललाय.

तिथं गेल्यावर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल, जिचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. तिची आईही रात्रीची जागी असणार. तिला वाटत असेल, मराठ्यांच्या मोठ्या घरात पोर देते आहे, तिला उद्या शेतावर गडी म्हणून राबवतील, चार माणसांत लपवतील, भांडण झालं की रंग काढतील. तुम्हाला पाहुण्यांची भीती वाटते, तिला तुमची वाटते. तुम्ही दोघीच जरा बाजूला बसा आणि वाकळीबद्दल बोला. कुठला तुकडा कशाचा, हे विचारा.

पै-पाहुण्यांचं. त्यांना सांगायचं ते थोडक्यात: 'सून नर्स आहे, हल्याळ तालुक्यातली, सिद्दी आहेत ते. लग्न अमुक तारखेला, यायला लागतंय.' बस्स. रंगाची भरपाई केल्यासारखं तिचा पगार, तिचा स्वभाव, तिचं मराठी किती छान, याची यादी लावू नका. ती काही परीक्षेला बसलेली नाही. पहिल्यांदा जो कुणी विनोद करेल, हबशी म्हणेल, फोटो बघून हसेल, त्याला तिथल्या तिथं थांबवा. तुम्ही थांबवा, मुलावर ढकलू नका. मुलानं थांबवलं तर तो बायकोचा बैल ठरतो. घरच्या मोठ्या बाईनं एकदा आवाज चढवला की भावकीत ती बातमी दोन दिवसांत फिरते आणि पुढचे विनोद निदान तुमच्या दारात होत नाहीत.

लग्नात हेही सांभाळा. पार्लरवाली तिला दोन छटा गोरी करायला बघेल, फोटोवाला कॉम्प्युटरवर चेहरा उजळून देईल, आणि दोघंही ते प्रेमानंच करतील. आधीच सांगून ठेवा, रंगाला हात लावायचा नाही. हळद लावताना 'आता उजळेल' हे वाक्य कुठल्या तरी मामीच्या तोंडून येणारच, तेव्हा जवळ राहा.

धाकटीच्या स्थळांवर परिणाम होईल. जाऊबाई त्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. काही स्थळं मागं फिरतील, एखादं जमत आलेलंही फिरेल. पण धाकटी २३ वर्षांची आहे, आणि तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. तिच्या नावानं सगळे काळजी करताहेत आणि तिला कुणी विचारलेलं नाही. तिला विचारा. भावाच्या बायकोच्या रंगावरून मागं फिरणारं घर तिला हवंय का, हे तीच सांगेल. आपल्या शेजारी कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांना मान्यता देणारा कायदा केला आणि आपल्या घराण्यातली मुलगी इंदूरच्या होळकरांच्या घरी द्यायचं ठरवलं. धनगराघरी मराठ्याची मुलगी म्हणून तेव्हा किती काहूर उठलं असेल! शाहूंचा फोटो आपल्या कितीतरी घरांत आहे. तुमच्याकडेही असेल, तर जाऊबाईंना त्या फोटोखाली बसवून हे सांगा.

राहिला कायदा. मुलगा 'रजिस्टर करतो' म्हणतो ते धमकी म्हणून घेऊ नका, हिंदू-ख्रिस्ती लग्नाला तोच सरळ रस्ता आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. जिथं अर्ज द्यायचा त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकानं निदान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिला की नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लागते आणि ३० दिवस हरकतीसाठी असतात. मुलीचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते. हरकत घेता येते ती वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक स्थिती असल्या कारणांवर. जात, धर्म, रंग ही कारणं कायद्यात नाहीत. दोन सज्ञान माणसांनी ठरवल्यावर घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे. तिचा जमातीचा दाखला जन्मानं आहे, लग्नानं जाणार नाही, आणि तुमच्या मुलाला त्यातून काही मिळणारही नाही. भावकीत कुणी 'सवलतीसाठी केलं' म्हणालं तर हे माहीत असलेलं बरं.

जमिनीची गोष्ट मात्र आत्ताच बघा, ही फार कमी जणांना माहीत असते. एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलानं या कायद्याखाली ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं की तो त्या दिवसापासून एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं कायदा मानतो. त्याचा हिस्सा जात नाही. पण पुढं त्याच्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालतो. वडिलोपार्जित शेत असलेल्या घरात यावरून दहा वर्षांनी भावंडांत कोर्टकचेऱ्या होतात. आरटीसीचे, म्हणजे जमिनीचे, उतारे घेऊन दिवाणी वकिलाकडे एकदा जाऊन या, धाकटीला बरोबर घ्या, तिचाही हिस्सा आहे. मालक या कामाला येतील असं मला वाटतं. लग्नावर बोलायला नाही म्हणणारा शेतकरी जमिनीच्या कागदांवर बोलायला बसतो, आणि बसला की पोराच्या लग्नाचा विषय त्याच्याच तोंडून निघतो.

लग्नाच्या दिवशी सह्यांना तीन साक्षीदार लागतात. एक तुम्ही व्हा, एक तिच्या आईला करा. तिसरी जागा मालकांची म्हणून त्यांना सांगून ठेवा, आणि नोटिशीचे ३० दिवस सरेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देऊ नका.